हुकूमनामा हातात आला. आता पोटगी, फ्लॅट आणि मुलाचे कागद

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला राहणाऱ्या एका ताईंचा परस्पर संमतीने घटस्फोट होऊन, म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा (अंतिम आदेश) मिळून, नऊ महिने झाले. मुलगा सात वर्षांचा, ताबा आईकडे, वडिलांना पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भेट. मुलासाठी दरमहा १५,००० रुपये ठरले होते, ते चार महिन्यांपासून बंद आहेत. फ्लॅट आणि त्यावरचं कर्ज दोघांच्या नावावर. नवरा त्याचा अर्धा हिस्सा सोडून देईल असं संमतीच्या अटींत लिहिलं आहे, पण तो आता टाळाटाळ करतो. मुलाचा पासपोर्ट काढायचा आहे, स्वतःचं माहेरचं नाव परत लावायचं आहे. आणि शेवटी: पोटगी देत नाही तर मुलाची भेट बंद केली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं अवघड होतं. भेट बंद करू नका, ताई. पोटगी आणि भेट हे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे विषय आहेत. दोन्ही मुलाचे हक्क आहेत, आणि एक थकला म्हणून दुसरा अडवता येत नाही. तुम्ही भेट अडवलीत की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढंच एक वाक्य सांगतो, आणि न्यायाधीशांपुढे पैसे बुडवणारा बाप मुलासाठी तळमळणारा बाप होऊन उभा राहतो. अवमानाचा अर्ज येतो, ताबा बदलून मागणारा अर्जही येतो. तेव्हा ठरलेल्या रविवारी ठरलेल्या वेळी मुलाला घेऊन जा. ते आले नाहीत तर अर्धा तास थांबून एक साधा मेसेज टाका: आम्ही अमुक ठिकाणी इतक्या वाजल्यापासून थांबलो आहोत. टोमणा नको. तो मेसेज पुढे न्यायालयात वाचला जाणार आहे हे धरूनच लिहायचा. मुलगा तापाने फणफणला असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवून बदली तारीख तुम्हीच सुचवा.

अटींत ‘सणासुदीला भेट’ असं मोघम लिहिलं असेल तर गणपती आणि दिवाळीला भांडण ठरलेलं. अशा वेळी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करून तपशील नक्की करून घेता येतो: दिवाळीचे कोणते दिवस, मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग कोणाकडे, व्हिडिओ कॉल किती वाजता, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार. हा अर्ज घटस्फोटानंतरही चालतो. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक अशा गोष्टी बऱ्याचदा एक-दोन बैठकींत मिटवतात, फक्त मिटलेलं लेखी घेऊन न्यायाधीशांची मोहोर उमटवून घ्यायची.

आता पोटगी. इथे सर्रास होणारी गफलत म्हणजे चुकीच्या दारात जाणं. तुमचे १५,००० हे संमतीच्या अटींतून हुकूमनाम्यात आले आहेत. म्हणजे तो दिवाणी हुकूमनामा झाला, आणि त्याची वसुली दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून होते. ‘सरळ वॉरंट काढा’ असा सल्ला मिळतो तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ च्या आदेशांना लागू आहे. त्या आदेशात थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. तुमच्याकडे तसा आदेशच नसेल तर तो वॉरंटचा अर्ज फेटाळला जाईल आणि सहा-आठ महिने वाया जातील.

दरखास्त ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच टाकायची. सोबत हुकूमनाम्याची आणि संमतीच्या अटींची प्रमाणित प्रत (ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरची छापील प्रत चालत नाही), महिनावार थकबाकीचा तक्ता, ज्या खात्यात पैसे यायचे त्याचं बँकेचं पूर्ण विवरण आणि नवऱ्याच्या कंपनीचा नेमका पत्ता. ‘नेमका’ हा शब्द गंभीरपणे घ्या. मुख्य कार्यालय पुण्यात आणि पगार काढणारा विभाग बंगळुरूला असतो, आणि आदेश चुकीच्या पत्त्यावर जाऊन पडून राहतो. जुनी पगारपत्रकं असतील तर त्यावर पगार देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव असतं, तेच लिहा.

इतर कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग जप्तीपासून वाचतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये ही तरतूद स्पष्ट आहे, आणि ती अर्जात उद्धृत केली नाही तर कधीकधी नेहमीच्या हिशेबाने कमी रक्कम कापायचा आदेश निघतो. थकलेल्या ६०,००० बरोबर पुढचे हप्तेही पगारातून थेट तुमच्या खात्यात वळते करण्याची मागणी त्याच अर्जात करा. हुकूमनाम्याला दोन वर्षं झालेली नसल्यामुळे दरखास्त का चालवू नये अशी आधीची नोटीस काढावी लागत नाही. अटकेची मागणी केलीत तर मात्र सहसा कारणे दाखवा नोटीस लागते, म्हणून सुरुवातीला अटकेच्या मागे न लागता पगार आणि बँक खातं धरा. पैसा लवकर तिथूनच येतो.

‘नोकरी गेली’ हे उत्तर येणारच. तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४१ खाली मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. न्यायालयाने सांगूनही ते दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. खरोखर नोकरी गेली असेल तर रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज त्यांनी करायचा असतो. मनाने हप्ता थांबवण्याची मुभा कुणालाच नाही. दरखास्तीसाठी मुदत एकंदर बारा वर्षांची आहे, पण म्हणून साचू देऊ नका. थकबाकी चार-पाच लाखांवर गेली की समोरचा तडजोडीला बसतो आणि अर्ध्यावर सोडवून घेतो.

दुसरी गोष्ट रकमेची. अटींत दरवर्षी वाढीचं कलम घालायचं राहून गेलेलं असतं. मुलगा पहिली-दुसरीत असताना पुरणारे पैसे पाचवीत पुरत नाहीत. वाढ कलम २६ खाली मागता येते. शाळेच्या फी पावत्या, रिक्षा किंवा बसचे पैसे, शिकवणी, औषधं यांचा वर्षभराचा हिशेब जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, तेव्हा तुमचंही तयार ठेवा आणि त्यात काही लपवू नका. ‘यापुढे एकमेकांकडे कसलीही मागणी करणार नाही’ असं वाक्य तुमच्या अटींत असणारच. ते तुम्हाला बांधतं. मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, त्यामुळे त्या वाक्याचा धाक मुलाच्या पोटगीपुरता मनातून काढा.

आयकराचं एक ओळीत: एकरकमी पोटगी सर्वसाधारणपणे भांडवली जमा धरली जाते आणि करपात्र होत नाही, तर पत्नीला दरमहा मिळणारी पोटगी तिच्या उत्पन्नात धरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाचा १९८० च्या दशकातला निकाल आजही याच्या मुळाशी आहे.

फ्लॅटचा विषय सगळ्यात किचकट, आणि तुमचे नऊ महिने इथे नडतात. हुकूमनामा झाला म्हणजे फ्लॅट नावावर झाला, असं समजून लोक बसून राहतात. बँक तुमच्या खटल्यात पक्षकार नव्हती. तिच्या दृष्टीने दोघंही कर्जदार, आणि दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार. त्यांनी हप्ता चुकवला तर तुमचा सिबिल स्कोअर घसरतो, अटींत काहीही लिहिलेलं असो.

म्हणून आधी बँक. सहकर्जदाराचं नाव कमी करण्याचा अर्ज द्या, हुकूमनाम्याची प्रत जोडा. बँक एकट्या तुमच्या पगारावर उरलेलं कर्ज बसतं का ते पाहील. बसत नसेल तर भाऊ किंवा वडील सहकर्जदार म्हणून घेता येतात, किंवा दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावावर कर्ज वळवता येतं. हे ठरल्यावर बँकेचं ना हरकत पत्र घ्या, कारण गहाण असलेल्या घराचा हिस्सा बँकेला न विचारता सोडता येत नाही. त्यानंतर हक्कसोडपत्र, आणि ते नोंदणीकृतच हवं. नोटरीसमोर केलेल्या हक्कसोडपत्राची किंमत शून्य. दुय्यम निबंधक कार्यालयात दोघांनी हजर राहायचं. दोन साक्षीदार, पॅन, आधार, मूळ करारनामा, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) आणि हुकूमनामा लागतो.

मुद्रांक शुल्काचा धक्का इथे बसतो. नवरा-बायको असताना एकाने दुसऱ्याला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. घटस्फोट झाला की तुम्ही कायद्याने परके. मग हक्कसोडपत्रावर सोडलेल्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखं शुल्क लागतं, शहराप्रमाणे साधारण ५ ते ७ टक्के. समजा रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, फ्लॅट ५० लाखांचा. त्यांचा हिस्सा २५ लाख. ६ टक्क्यांनी दीड लाख मुद्रांक, शिवाय १ टक्का नोंदणी फी, म्हणजे २५,०००. पावणेदोन लाखांचा हा खड्डा हुकूमनाम्याआधी आठवडाभरात कागद केला असता तर बहुतांशी टळला असता. ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचा आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

अटींतली भाषाही तपासा. ‘हिस्सा सोडून देत आहे’ असं लिहिलं असेल तर हुकूमनामाच हस्तांतर ठरू शकतो, कारण महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाही हस्तांतरणपत्राच्या व्याख्येत येतो. असा हुकूमनामा चार महिन्यांत नोंदवायचा असतो, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. तुमचे नऊ झाले, म्हणजे तो रस्ता बंद. ‘सोडून देईल’ असं भविष्यकाळी असेल तर हक्कसोडपत्र करावंच लागतं. शुल्क किती याबद्दल वाद असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मसुदा देऊन अभिनिर्णय, म्हणजे किती मुद्रांक लागतो याचा अधिकृत निर्णय, करून घ्या. कमी मुद्रांकाचा कागद नंतर अडकला तर त्यावर दंड चढतो.

आणि ते सहीला आलेच नाहीत तर? पुन्हा दरखास्त, या वेळी आदेश २१ नियम ३४ खाली. तुम्ही हक्कसोडपत्राचा मसुदा न्यायालयात द्यायचा, त्यांच्या हरकती ऐकून न्यायालय मसुदा कायम करतं, आणि तरीही सही केली नाही तर न्यायालयाने नेमलेला अधिकारी त्यांच्या वतीने सही करतो. तो कागद त्यांनी स्वतः केल्याइतकाच पक्का. आधी वकिलामार्फत पंधरा दिवसांची नोटीस पोचपावतीसह पाठवा. निम्मे लोक तिथेच वाटेवर येतात.

नोंदणी झाली की सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव बदला. हस्तांतर शुल्क ५०० रुपये, आणि प्रीमियम कितीही मागितला तरी कमाल २५,००० ची मर्यादा आहे. वीज बिल, मालमत्ता कर हे त्यानंतर. हिस्सा विनामोबदला आला असं आयकर खात्याला दिसू नये म्हणून हक्कसोडपत्रात हुकूमनाम्याचा, पोटगीच्या तडजोडीचा आणि तुम्ही उचललेल्या कर्जाचा उल्लेख असू द्या. पूर्वाश्रमीचा नवरा आता ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसत नाही. मसुदा एकदा सीएच्या नजरेखालून घाला.

मुलाच्या कागदांत पासपोर्ट त्या मानाने सोपा. दोघांची संमती असेल तर अनुबंध ‘ड’ चा नमुना, एका पालकाची मिळत नसेल तर अनुबंध ‘क’. तुमच्याकडे ताब्याचा हुकूमनामा आहे, त्याची प्रमाणित प्रत न्या. परदेशी नेण्याला न्यायालयाने किंवा अटींनी मनाई केलेली नाही ना, ते आधी वाचा. पासपोर्ट मिळाला म्हणजे प्रवासाची मुभा मिळाली असं नाही: बऱ्याच देशांचे व्हिसा अधिकारी दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतात, आणि प्रवासाच्या तारखांत त्यांचा रविवार बुडत असेल तर आधी लेखी कळवून बदली दिवस द्यावा लागतो. कायमचं दुसऱ्या शहरात किंवा देशात जायचं असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊनच जा.

एक कागद मात्र जवळजवळ प्रत्येक घटस्फोटात विसरला जातो आणि मुलगा बारावीला गेला की आठवतो: जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. मुलाचं आरक्षण वडिलांच्या जातीवर मागायचं असेल तर समितीपुढे वडील, आजोबा, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले, वंशावळीचं शपथपत्र, आणि त्या घरात कुणाची वैधता झाली असेल तर त्याची प्रत लागते. घटस्फोटाला दहा वर्षं झाल्यावर, बोलचाल नसताना, अर्ज भरण्याची मुदत आठ दिवसांवर आलेली असताना हे मिळवणं म्हणजे सासरच्या दारात याचक होणं. आज मुलगा सात वर्षांचा आहे, संबंध अगदीच तुटलेले नाहीत, तेव्हा आजच मागा. मुलाचा जातीचा दाखला आताच काढून ठेवा. फ्लॅटच्या निमित्ताने पुन्हा अटी लिहायची वेळ आली तर ‘वडील मुलाच्या जात व नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी लागणारी सर्व कागदपत्रं व शपथपत्रं मागणीपासून पंधरा दिवसांत देतील’ हे वाक्य घालून घ्या. मुलाचं आडनाव स्वतःच्या मनाने बदलू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा झालेला घोळ दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत पुरतो, आणि वैधता समितीपुढे तर वेगळ्या आडनावाचा खुलासा करताना नाकी नऊ येतात.

तुमचं स्वतःचं नाव: आधी राजपत्रात बदल प्रसिद्ध करा, तो अर्ज ऑनलाइन होतो. मग आधार, मग पॅन, मग बँक, मग बाकीचं. क्रम उलटा केला की एका कागदावर सासरचं आणि दुसऱ्यावर माहेरचं नाव राहून केवायसी अडकतं. आधारवर नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर आता ही शेवटची संधी, त्यामुळे मधलं नाव वडिलांचं लावायचं की नुसतं नाव-आडनाव ठेवायचं, स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे ना, हे घरी कागदावर लिहून मगच केंद्रावर जा. फ्लॅटचं हक्कसोडपत्र कोणत्या नावाने करायचं तेही याच वेळी ठरवा. शक्यतो नवं नाव झाल्यावर करा आणि ‘पूर्वाश्रमीच्या अमुक’ असा उल्लेख ठेवा. रेशनकार्डावरून नाव कमी झाल्याचा दाखला घेतल्याशिवाय नवं कार्ड मिळत नाही.

नामनिर्देशन आपोआप रद्द होत नाही. भविष्य निर्वाह निधी, विमा, पीपीएफ, डीमॅट, म्युच्युअल फंड, लॉकर: सगळीकडे अजून जुनंच नाव असेल. मुलाचं नाव घातलंत तरी तो कायद्याने अज्ञान (अठरा वर्षांखालचा) आहे, आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर त्याचा नैसर्गिक पालक म्हणून वडीलच पुढे येतील, पैशासकट. मृत्युपत्रात भावाला पालक नेमून हे टळत नाही, वडील हयात असताना त्या नेमणुकीला फारसं बळ नसतं. म्हणून विम्यात मुलाच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वासू व्यक्ती नेमा आणि बाकी मालमत्तेसाठी मृत्युपत्रातूनच एक छोटा न्यास (ट्रस्ट) करा, ज्यात पैसे मुलाच्या शिक्षणाला आणि अठरा किंवा एकवीस वर्षांनंतर त्याच्या हाती असं स्पष्ट लिहिलेलं असेल. उलट बाजूनेही लक्षात ठेवा: तुम्ही त्यांच्या वारस राहिला नाहीत, पण मुलगा आहे, आणि त्यांनी दुसरं लग्न केलं तरी राहतो.

४९८ अ ची (सासरच्या छळाची) किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार पूर्वी झाली असेल तर ती घटस्फोटाने संपत नाही. फौजदारी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात संमतीचा अर्ज लागतो. अटींत तसं कबूल केलं असेल तर तुमच्या बाजूचं काम पूर्ण करा, नाहीतर तुमच्या दरखास्तीला तेच उत्तर म्हणून येईल. स्त्रीधन राहिलं असेल तर वस्तूंची यादी, वजन आणि पावत्यांसह, फ्लॅटच्या नोटिशीतच जोडा. परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे अपील नाही. एकतर्फी किंवा लढून मिळालेला असता तर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता आलं नसतं.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याला धरून सांगितलं. इतर धर्मीयांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे, पण मुलाची पोटगी कलम १४४ खाली सगळ्यांना मागता येते, आणि घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही जुन्या कलम १२५ चा दरवाजा खुला आहे असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं आहे.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. जाताना हुकूमनाम्याच्या किमान चार प्रमाणित प्रती काढून न्या. बँक, निबंधक, पासपोर्ट आणि न्यायालय प्रत्येकी एक ठेवून घेतात, आणि नकलेच्या अर्जाला गर्दीच्या दिवसांत आठवडे लागतात.